मागून आलेला आवाज

ग्रामसभेचं चित्रीकरण संगणकावर तपासल्याशिवाय कोणताही ठराव खरा धरू नये, असा नियम आला आणि वाडीने तो मुकाट्याने मान्य केला. वाडीला एकच गोष्ट हवी होती, वहाळावर साकव, म्हणजे ओढा ओलांडायला छोटा पूल. गेल्या पावसात वहाळाला पाणी चढलं आणि अस्लमच्या लेकीची, इल्माची, शाळा महिनाभर बुडाली. म्हणून सभेत साकवाचा विषय निघताच अस्लमने सगळ्यांच्या आधी हात वर केले, तेही दोन्ही. त्याआधीचा विषय होता पाहुण्यांच्या स्वागतासाठी लोखंडी कमान. तिला एकही हात मिळाला नव्हता.

पण तालुक्याच्या कचेरीतल्या संगणकावर चित्र पुढे धावत होतं आणि आवाज मागून रमतगमत येत होता. "कमान हवी का?" असं ऐकू आलं तेव्हा पडद्यावर अख्खी वाडी हात उंचावून उभी. "साकव हवा का?" आलं तेव्हा मंडळी चहा पीत होती. कमान एकमताने मंजूर झाली, साकव एकमताने बारगळला.

अस्लम कचेरीत धावला. "साहेब, आवाज मागाहून येतोय. पडद्यावरच्या माझ्या तोंडाकडे तरी बघा!"

"बघितलं," अधिकारी गुरुदास शांतपणे म्हणाले. "चित्र प्राप्त आहे, आवाजही प्राप्त आहे. दोन्ही एकदम प्राप्त व्हावीत, अशी अट नाही. पुढच्या सभेत जरा थांबून हात वर करा. आवाजाला सहकार्य करा."

वाडीने सहकार्य केलं. प्रश्न ऐकला, चहा घेतला, मग सावकाश हात वर केले. नेमका तेव्हाच संगणक दुरुस्त होऊन आला होता. साकवाच्या वेळी वाडी पुन्हा चहा पिताना दिसली. हात वर होईपर्यंत पुढचा विषय निघाला होता, कमानीला रंग द्यायचा; त्याला मात्र सगळे हात वर होते.

रंगवलेली कमान वहाळाच्या काठावर उभी राहिली. पाहुणे तिच्याखालून आले, पाणी बघून परत फिरले. अस्लमच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने शेजारच्या मंगेशला हाक मारली.

"मंगेशा, ही कमान किती लांब आसा रे?"

"वहाळापेक्षा जरा जास्तच."

"मगे बघतंस काय? धर त्या टोकाक!"

दुपारपर्यंत कमान वहाळावर आडवी झाली, वर फळ्या बसल्या, आणि इल्मा दप्तर घेऊन नाचत पलीकडे गेली. अस्लमला इतका आनंद झाला की त्याने तिला उगाचच परत बोलावलं.

गुरुदास पाहणीला आले. "कमान कुठे आहे?"

"तुम्ही तिच्यावरच उभे आहात, साहेब."

साहेबांनी खाली पाहिलं आणि 'कमान सुस्थितीत' असा शेरा मारला.

तुमच्या गावची कमान अजून उभीच असेल. रोज तिच्याखालून पाण्यात उतरताना तुम्ही म्हणतच असाल, हिच्यासाठी हात तरी कोणी वर केला होता?