पास्कल अंकलचा लाल माठ

पास्कल अंकल सुपरमार्केटात भाजीची पाकिटं नाकाला लावतात आणि मोठ्याने निकाल देतात, "मेली!" मग पुढचं पाकीट. "ही पण मेली. खलास!" लोक आपापल्या ट्रॉल्या मागे घेतात. सिक्युरिटीवाला त्यांना नावाने ओळखतो.

आणि हा माणूस दुबईत, जबल अलीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर! दिवसभर देशोदेशीच्या भाज्यांची खोकी मोजतो, पण त्यातलं एक पान घरी नेत नाही. "विमानाने आलेला पालक म्हणजे पालक नाही रे, पॅसेंजर!"

मी तिथेच अकाउंट्सला, आणि राहतोही त्यांच्याच मजल्यावर. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. डिग्री फ्रेम करून हॉलमध्ये लावली आहे, त्यात लाजायचं काय? अंकलनी मात्र माझं नाव कधी घेतलं नाही. थंडी सुरू झाली की दर शनिवारी सकाळी सहाला दारावर थाप, "बीकॉम, गाडी काढ!" गाडी माझी, पेट्रोल माझं, शिव्याही मलाच.

जायचं अल ऐनच्या रस्त्याला. उंटांच्या पाटीनंतर डावीकडे कच्च्या वाटेने रफीकभाईचा मळा. रफीकभाई बांगलादेशी, एका अरबाच्या शेतावर पगारावर. तिथे लाल माठाचा एक वाफा. अख्ख्या एमिरेट्समध्ये जिवंत भाजी तेवढीच, असं अंकलचं ठाम मत.

पोचल्यापोचल्या भांडण. "रफीक, पानी डाला की डुबाया?"

"तो आप उगाओ ना, अंकल!"

"और जुडी इतनी पतली? मेरी माँ देखती तो तेरे को मारती!"

मी हसलो की मोर्चा माझ्याकडे. "हसतोस काय, बीकॉम? पहिल्या दिवशी माठाला बीट म्हणाला होतास." आमच्या गावात माठ हिरवाच मिळायचा, पण ऐकतो कोण?

घरी आलो की अर्धी पिशवी माझ्या बायकोच्या हातात. "घे पोरी, मला जास्त झाल्या."

गेल्या शनिवारी रफीकभाई खाली मान घालून म्हणाला, "अंकल, मालिक बोला, ये निकालो. कोई लेता नहीं. लेट्यूस लगाने का."

"लेट्यूस? वो घास?" अंकल माठापेक्षा लाल झाले. तिथूनच मालकाला फोन लावायला लावला आणि ओरडले, "हबीबी, हफ्ते में कितना बिकना मंगता?" पलीकडून उत्तर आलं, चाळीस जुड्या. "यल्ला! चालीस मेरे!"

चाळीस जुड्यांनी माझी गाडी भरली. मागच्या सीटवर लाल पाणी गळायला लागलं, तेव्हा माझंही डोकं फिरलं. "एकटा माणूस दर आठवड्याला चाळीस जुड्या खाणार?"

"खाणार! तुला काय करायचंय?"

भांडतच लिफ्टमधून वर आलो. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पिशव्या आपटल्या, आणि समोर फ्रिजवर चिकटवलेला हॉस्पिटलचा कागद दिसला. रक्त पातळ करायच्या गोळ्या. खाली डॉक्टरने पेनाने लिहिलेलं, पालेभाज्या बंद. कागद तीन वर्षांपूर्वीचा.

"अंकल, म्हणजे तीन वर्षं तुम्ही..." माझा आवाज चढला.

"ओरडू नको," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हळू. "खाता येत नाही म्हणून काय मरू द्यायचा त्याला?" मग नळ सोडून उगाच हात धुवत राहिले. "वसईला आईच्या वाडीत आता बिल्डिंग आहे. विक्रीच्या कागदावर सही मीच केली."

कॉलेजात असलं काही शिकवलं नव्हतं.

जुड्या सगळ्या मजल्यावर वाटल्या आणि दुपारी अंकलना जेवायला ओढून आणलं. त्यांच्या ताटात भात आणि सुरमईचं कालवण. माठाची भाजी बायकोने टेबलाच्या मधोमध ठेवली. ते वाकले, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"मेली का?" मी विचारलं.

"लसूण जाळलात!" ते खेकसले, आणि भाजीचं भांडं हळूच स्वतःच्या ताटाजवळ ओढून घेतलं.