पाळीवर मामा आले

"आजीचे डोळे दाखवून आनतो," असं मामाला सांगून दिव्यानी सकाळीच कोरपन्याहून निघाली. त्यात खोटं एवढंच होतं, की आजीचे डोळे कुणाला दाखवायचे नव्हते.

रविवारी दिव्यानीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मुलगा निकेश, ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला. तिथल्या क्वार्टरांमध्ये हल्ली कुणाचं लग्न ठरलं, की आधी फोटो काढायला डोंगरात जायची रीत पडली होती. कुणी मनालीला गेलं होतं, कुणी उटीला. निकेशला रजा मिळाली ती एका दिवसाची. एका दिवसात जिथे जाऊन परत येता येतं असे डोंगर एकच होते, आपले घरचे. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला झरीटोला नावाचं रानातलं गाव आहे, त्याच्या मागे डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी जुना तलाव. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गाईड सोबत असेल तर खाली उतरून फोटो काढू देतात, अशी बातमी फोटोग्राफर विक्कीने आणली होती.

अडचण होती मामाची. दिव्यानी तीन वर्षांची असताना तिचे वडील गेले आणि तिची आई रुखमा लेकीला घेऊन भावाच्या घरी आली. तेव्हापासून गुणवंतरावच तिचे बाप. कोरपन्यात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. सायकलमागे धावत जाऊन तिला सायकल शिकवली त्यांनी, बारावीच्या परीक्षेला तीन तास शाळेच्या फाटकाशी उन्हात उभे राहिले त्यांनी. पण फोटोचा विषय निघाला आणि त्यांनी ताटावरूनच सांगून टाकलं.

"साक्षगंधाच्या आंधी पोरापोरीनं रानात जाऊन फोटो काढाचे? कोन सांगतलं? तसं झालं, तर मी मांडवात पाय ठेवनार नाई. मंग कोन सोयरे बोलावते अन् कोन हळदकुंकू लावते, ते पाहा तुमीच."

मामाशिवाय साक्षगंध म्हणजे आसाशिवाय बैलगाडी. आणि गुणवंतराव बोलले तसं करणारे होते. चुलत भावाच्या लग्नात पहिल्या पंगतीला बोलावलं नाही म्हणून ते अकरा वर्षं त्याच्या दारावरून गेले नव्हते.

तरी दिव्यानीचं मन मानेना. तिने आजीला गाठलं. आजी म्हणजे शकुबाई, गुणवंतरावांची आई. वय पंच्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू.

"एकटी कशी जाशीन वो माय? मी येतो संग," शकुबाई म्हणाली. नातीला वाटलं, आजी नाही म्हणेल. पण शकुबाईचं मन भलतीकडेच गेलं होतं. ती वडशाची. लग्नानंतर मंडईच्या पहिल्या जत्रेला नवऱ्यासोबत गेली होती, तेव्हा तंबूतल्या फोटोवाल्याने दोघांना एका पडद्यापुढे उभं केलं होतं. पडद्यावर डोंगर रंगवलेले, डोंगरावर चुन्यासारखा पांढरा बर्फ. पुढे तो फोटो वाळवीने खाल्ला. नवरा गेला, फोटो गेला, पण ते डोंगर तिच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते. खरे डोंगर मागे ठेवून नातीचा फोटो निघतो, तर कोण कशाला आडवं येईल?

चंद्रपूरच्या बसस्टँडवर निकेश आणि विक्की गाडी घेऊन थांबले होते. विक्कीकडे दोन बॅगा होत्या. एकीत कॅमेरे आणि एकीत दिव्यानीसाठी भाड्याचा लाल झगा, ज्याची शेपटी सहा हात लांब होती.

"आजी, ही शेपटी हवेत उडवायची. तुम्ही झाडामागून फेका, मी क्लिक करतो. एकदम कडक फोटो येईल," विक्कीने योजना सांगितली.

योजना झरीटोला गेटवर संपली. "लाल-पिवळे भडक कपडे आत चालत नाईत," गेटवरच्या बाईंनी सांगितलं. दिव्यानीच्या अंगावर होता तो ड्रेस गुलाबी. तोही चालेना. पोरीचे डोळे भरून आले. तेव्हा शकुबाईने आपली थैली उघडली. दवाखान्यात ठेवून घेतलं तर लागेल म्हणून, खोट्या दवाखान्यासाठीसुद्धा, तिने एक जादा पातळ घेतलं होतं. जुनं, शेवाळी रंगाचं. दिव्यानीने ते नेसलं, डोक्यावर पदर घेतला आणि निकेश पाहातच राहिला.

"झगा वापस कर," तो विक्कीला म्हणाला.

उघड्या जिप्सीत बसले, तेव्हा गाईड पुढे चढला. त्याचं नाव इतवारी. पन्नाशीचा, झरीटोल्याचाच, गोंड माणूस. आता एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. इतवारीच्या घरात रानात शिरल्यावर वाघाचं नाव कुणी घेत नसे. त्याचा बाप वाघाला 'मामा' म्हणायचा, म्हणून इतवारीही 'मामा'च म्हणायचा. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते कुणाला सांगावं लागतं असं त्याच्या मनातही येत नसे.

गाडी निघाली तसा तो मागे वळून म्हणाला, "आज जरा सांभाळून, बाई. मामा इकडंच फिरून राह्यले."

 दिव्यानीने आजीचा हात पकडला.

"कवा आले?" शकुबाईने कसंबसं विचारलं.

"कालच. डोंगरावून उतरले. आमच्या बुधूच्या गोठ्यापाशी बसून होते लई वेळ. जाताना एक बकरी नेली."

"बकरी?" शकुबाई नातीच्या कानात पुटपुटली. "साक्षगंधाले त्यानं वांग्याची भाजी सांगतली होती ना? बकरीचं मले काई बोलला नाई."

"आजी, पण काल रात्री मामा घरीच झोपले होते."

"पहाटं दोन वाजता मोटर चालू कराले वावरात गेला होता. कोनाले मालूम कुठी गेला!"

निकेश पांढरा पडला होता. त्याने इतवारीला विचारलं, "भाऊ, मामी पण आल्या आहेत का?"

"मामी तिकडल्या डोंगराकडं राह्यते. लेकरं संग हायेत न तिच्या. सध्या मामाचं अन् तिचं जमत नाई."

 शकुबाईची सून, म्हणजे दिव्यानीची मामी बायनाबाई, काल संध्याकाळी अंगणात बसून मुलांचा अभ्यास घेत होती. "पाह्य वो," ती नातीला म्हणाली, "एका घरात राहून मले पत्ता नाई. दोघाचं बिनसलं अन् गावोगावी बोंब झाली."

"मामा रागात आहेत का?" दिव्यानीने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"रागात नाई. पन समोर आले, तर रीत पाळाची. पळाचं नाई. पाठ दाखवाची नाई. डोळ्यात डोळा घालाचा नाई. हात जोडून उभं राहाचं, थे आपल्या वाटेनं निंगून जातेत."

"अगदी बराबर!" शकुबाईने मान डोलावली. "लहानपनापासून तसाच हाय थो."

इतवारीने वळून तिच्याकडे आदराने पाहिलं. शहराकडून येणारी माणसं हात वर करून ओरडतात, शिट्ट्या मारतात. या म्हातारीला मामाचं लहानपण ठाऊक होतं.

"परत जाऊ," निकेश म्हणाला.

"आता कुठं परत?" विक्की कासावीस झाला. "उजेड बघा काय पडलाय! दहा मिनिटं द्या. मामा येईपर्यंत आटपतो."

जिप्सी पाळीपाशी थांबली. थंडीचे दिवस, तलावावर पातळ धुकं आणि त्यामागे निळेसावळे डोंगर. शकुबाई खाली उतरली आणि त्या डोंगरांकडे पाहात उभी राहिली. वडशाच्या तंबूतल्या रंगाऱ्याने बर्फ उगाच चढवला होता, असं तिला वाटलं. बर्फावाचून काही अडत नव्हतं.

विक्की घाई करू लागला. "नवरदेव, हात पकडा. ताई, इकडे बघा. हसा! अहो, साक्षगंध आहे, दहावा नाही!"

पण हसायचं कसं? दिव्यानी दर क्षणाला रस्त्याकडे पाहात होती, निकेश तिचा हात धरत होता आणि सोडत होता. विक्कीने सात-आठ फोटो काढले, सगळ्यांत दोघांचे चेहरे रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे. एवढ्यात पाळीच्या दुसऱ्या टोकाचं गवत हललं. इतवारीचा हात वर गेला.

"हलू नोका," तो कुजबुजला. "मामा आले."

दिव्यानीने वर पाहिलंच नाही. डोळ्यात डोळा घालायचा नव्हता. तिने पदर ओढला, हात जोडले आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं.

"मामा, चुकलं माझं! तुमच्याशी खोटं बोलली मी. पन साक्षगंध मोडू नोका, मामा. तुमी नसले तर मले साक्षगंधच नाई पाहिजे. तुमी मले काय कमी केलं? मीच कधी म्हटलं नाई, मामा, आज म्हनते…"

निकेशही हात जोडून, मान खाली घालून तिच्या शेजारी उभा राहिला. शकुबाईला समोर धुक्यात पिवळसर काहीतरी दिसलं. गुणवंतरावांचा स्वेटर मोहरीच्या रंगाचा होता. नातीचं रडणं ऐकून तिला राहवेना. ती दोन पावलं पुढे झाली.

"गुनवंता!" ती कडाडली. "मायपुढं डोळे वटारतं काय रे? पोरगी एवढी रडून राह्यली, अन् तू मुकाट पाहून राह्यला! बकरी कुठी ठेवली? अन् बायनाशी काऊन भांडला? जाय घरी! आत्ताच्या आत्ता घरी जाय!"

पाळीच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या प्राण्याने आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकले असतील. जिप्सीचे, कॅमेऱ्यांचे, हाकाट्यांचे. असा आवाज त्याने बहुधा ऐकला नव्हता. त्याने एकदा कान मागे केले, शकुबाईकडे जरा वेळ पाहिलं आणि लहान मुलासारखा गपगुमान वळून डोंगराकडे चालू लागला.

"गेला," शकुबाई म्हणाली. "बोलला पन नाई मेला."

विक्की जमिनीवर बसला होता.  कॅमेऱ्यावरचं बोट भीतीने दाबलं गेलं ते दाबलेलंच राहिलं होतं. "वा… वा…" एवढंच तो म्हणत होता.

"काय वा वा करून राह्यला?"

"वाघ, आजी! वाघ होता तो!"

शकुबाईने इतवारीकडे पाहिलं. इतवारीने कपाळाला हात लावून डोंगराच्या दिशेने नमस्कार केला. "रानात नाव नाई घेत, बाई. आमी मामा म्हनतो."

 मग दिव्यानीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "वाघ होता, आजी! फक्त वाघ होता! मामा नोयते!" निकेशने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला, की विक्कीने बसल्या बसल्या आणखी चार फोटो काढले. दिवसभरातले बरे फोटो तेच.

गेटवर बचत गटाच्या बायकांनी चहा दिला. इतवारीने विक्कीकडून एक फोटो आपल्या मोबाईलवर मागून घेतला. त्यात पदर घेतलेली दिव्यानी, हात जोडलेला निकेश आणि दूर मागे वाघ. इतवारीचं मन भरून आलं होतं. एवढी रीतभात त्याने वीस वर्षांत पाहिली नव्हती. त्याने गाईड मंडळींच्या गटावर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "नवरीने हात जोडून मामाला हाक मारली. मामाने वाट दिली. मामाचे उपकार."

फोटो एका गटातून दुसऱ्यात जात कोरपन्यापर्यंत पोचला. अर्ध्या तासात दिव्यानीचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'मामा'. या खेपेला खरे.

फोन शकुबाईने घेतला. पलीकडे बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

"माय," गुणवंतराव म्हणाले, "वाघ समोर आला न वो, अन् पोरीनं मले हाक मारली. देवाले नाई, नवऱ्याले नाई. मले! अन् तुहं पातळ नेसली हाय. मले वाटलं, काय काय कपडे घालतीन. मी येतो साक्षगंधाले. सांग तिले."

"सांगतो," एवढंच म्हणून शकुबाईने फोन ठेवला.

रविवारी मांडवाच्या दाराशी सहा फुटी फ्लेक्स होता. गुणवंतरावांनी स्वतः करून आणलेला. वर तो फोटो, खाली मोठ्या अक्षरात 'मामाचे उपकार'. प्रत्येक पाहुण्याला ते दाराशीच अडवून सगळी हकिगत सांगत होते. चौथ्या पाहुण्यापर्यंत वाघ दहा पावलांवर आला होता.

इतवारीलाही आमंत्रण होतं. तो आला, चपला काढल्या आणि फ्लेक्सपुढे वाकून म्हणाला, "मामा, किरपा राहू द्या." फ्लेक्सपुढे गुणवंतराव उभे होते. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राह्यजो, भाऊ."

इतवारी सरळ, प्रामाणिक माणूस. "तुमाले नाई, भाऊ," त्याने फ्लेक्सवर बोट ठेवलं. "याहिले. आमी याहिलेच मामा म्हनतो."

 गुणवंतरावांनी वाघाकडे पाहिलं, मग भाचीकडे. निकेशने अंगठीची डबी हळूच खिशात घातली. शकुबाई उठून उभी राहिली.

"म्हनजे," गुणवंतराव सावकाश म्हणाले, "तू मले नाई, वाघाले हाक मारली?"

"नाई, मामा. वाघाले मी तुमी समजली," दिव्यानी म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "खोटं बोलून गेली होती न. मले वाटलं, तुमीच आले. म्हनून तुमचीच माफी मागितली."

"वाघ हाय हे मालूम असतं तर?"

"तर पळाली असती."

 गुणवंतरावांनी कुंकवाची वाटी उचलली, भाचीच्या कपाळाला लावली आणि तसाच हात तिच्या डोक्यावर ठेवला. 

"मले नोको भेत जाऊ, वो पोरी," ते म्हणाले. "वाघाले भेत जाय जराशी."