मुलाणी सरांचा हजेरीपट

लांब ओळ दिसली की मुलाणी सर खुर्चीतून ताडकन उठतात. आमच्या कराडच्या ऑफिसात मिरजेच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनतं, आणि आमचा कोड तपासून पुढं सोडणारे हेच. फंक्शन म्हणजे एकेक हिशेब करणारा कोडचा तुकडा; त्याच्या नावापुढच्या कंसात वय, वजन, औषध अशी सात-आठ नावं लागतात. ती आडवी एका ओळीत लिहिली की संपलंच.

"येष्टी भरलीयास व्हय? एकाखाली एक घे! हजेरीपटावर नावं कशी असत्यात? तवाच कळतं कोण गैरहजर!"

सर पूर्वी गणिताचे मास्तर. शाळा सुटली, मास्तरकी सुटली नाही. शेवटचा कंससुद्धा वेगळ्या ओळीवर. "दार लावून घे, पोरी." मला तर त्यांचा आवाज ऐकला तरी डोक्यात तिडीक जायची.

परवा लहान मुलांच्या औषधाचा डोस काढणारं फंक्शन मी लिहिलं. संध्याकाळी ते मिरजेला जायचं होतं. सरांनी तिसऱ्यांदा परत पाठवलं. कारण काय, तर ओळ लांब! माझं डोकंच फिरलं.

"सर, मशीनला काय फरक पडतो? चालतंय की!"

"मशीनला न्हाई पडत. लेकराला पडतो! मोड ती ओळ!"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. दात-ओठ खात, की-बोर्ड बडवत मी एकेक नाव खाली आणलं. आणि थांबले. फंक्शनला आधी वजन हवं होतं, मग वय. ते वापरताना मी आधी वय दिलं होतं, मग वजन. चार वर्षांचं, सोळा किलोचं पोर माझ्या कोडात सोळा वर्षांचं आणि चार किलोचं झालं होतं. आडव्या ओळीत हे तीनदा माझ्या नजरेखालून गेलं होतं.

चूक सुधारून सरांच्या टेबलाशी गेले. त्यांच्या स्क्रीनवर एकेक अक्षर लिंबाएवढं, आणि नाक काचेला टेकलेलं. जेमतेम चार शब्द मावत होते.

"सर, चुकलं माझं. वय-वजनाची अदलाबदल तुम्ही पकडलीत म्हणून बरं."

सरांनी चष्मा काढला.

"मला ती दिसलीच न्हवती गं. साखरेनं डोळं गेल्यात. ओळीचं टोक दिसत न्हाई, म्हणून वरडतो. लय भ्या वाटतं."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. आता रोज कोड पुढं जाण्याआधी मी तो त्यांना वाचून दाखवते, एकेक नाव. सर डोळे मिटून प्रत्येक नावाला म्हणतात, "हजर."