निरोप विभागाची भरभराट

मंदी आली की माणसं कमी करावी लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कमी केलेल्या प्रत्येक माणसाला निरोप द्यावा लागतो आणि निरोप द्यायला पुन्हा माणसंच लागतात, हा साधा मुद्दा अर्थशास्त्राच्या जाडजूड पुस्तकांतून कसा निसटला कोण जाणे. कुलपांच्या एका कारखान्याने तो वेळीच ध्यानात घेतला. त्याबद्दल त्या कारखान्याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

कुलपांचा धंदा मंदीत जोरात चालायला हवा, असं वरवर पाहणाऱ्याला वाटेल. रस्त्यारस्त्यावर दुकानं बंद पडत होती आणि बंद दुकानाला कुलूप लागतंच. पण ते एकदाच लागतं. घरांचं तर उलटंच झालं. लोकांनी आधी दागिने मोडले, मग टीव्ही विकला, आणि मग दाराला नुसती कडी घालून झोपायला लागले. (त्या वर्षी चोरीच्या भीतीने झोप न येणाऱ्यांचं प्रमाण चौदा टक्क्यांनी घटलं, असं विक्री विभागाने आपल्या अहवालात अभिमानाने नमूद केलं. तो त्या विभागाचा शेवटचा अहवाल ठरला.)

अशा नाजूक वेळी मोठ्या साहेबांची नजर स्वागतिकेवर गेली.

स्वागतिका म्हणजे दर्शनी टेबलाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसणारी बाई. आवाज स्वच्छ, अक्षर वळणदार, आणि कुणी कितीही खेकसलं तरी कपाळाला आठी नाही. आता येणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे तिला काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. पण साहेब दूरदृष्टीचे. जी बाई 'या' म्हणू शकते तिला 'जा' म्हणायला फारसं वेगळं प्रशिक्षण लागणार नाही, हे त्यांनी ओळखलं आणि निरोप विभाग स्थापन केला. प्रमुख तीच, कर्मचारी तीच. पगार पूर्वीचाच, फक्त पाव हिस्सा कमी. (हा पाव हिस्सा तात्पुरता कापला असून, परिस्थिती सुधारताच त्याचा विचार करावा की काय याचा विचार होणार होता.)

तिचा नवरा त्याच कारखान्यात तपासणी विभागात होता. तयार झालेलं प्रत्येक कुलूप लावायचं, उघडायचं आणि पुढे सरकवायचं, हे त्याचं काम. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांची कवळी अर्धवट होती. दातांच्या डॉक्टरांनी वरची बनवून दिली होती आणि खालची 'पैसे जमतील तसे द्या, मग करू' म्हणून अडकली होती. सासूबाई वरची कवळी लावून दारात बसत आणि शेजारणींना अर्धंच हसू देत.

"वरच्यांची सोय झाली," त्या म्हणायच्या. "खालच्यांनी वाट बघायची. तुमच्या कारखान्यातच बनवलीये वाटतं ही."

सगळं गणित नवऱ्याच्या पगारावर होतं. तिच्या पाऊण पगारात घरभाडं आणि किराणा जेमतेम बसायचा. त्याची नोकरी टिकली तर खालचे दात, वीजबिल आणि थोडीफार झोप. गेली तर तिन्हींवर पाणी.

विभागाचं काम धडाक्यात सुरू झालं. तिने मनापासून एक भाषण लिहिलं. त्यात नावाच्या आणि खात्याच्या जागा मोकळ्या ठेवल्या, म्हणजे ज्याला जायचं असेल त्याला चपखल बसावं. भाषण सुरेख झालं होतं. पण हिशेबतपासनिसाने एका वाक्याला हरकत घेतली.

"'यांची उणीव आम्हाला भासेल', असं लिहिलंय तुम्ही."

"हो. निरोपात म्हणतात तसं."

"उणीव भासणार असेल तर माणूस काढला कशाला? उद्या हेच वाक्य घेऊन तो कोर्टात जाईल."

मग वाक्य दुरुस्त झालं : 'यांची उणीव भासणार नाही, याची कंपनीने पूर्ण काळजी घेतली आहे.' कानाला ते जास्त काळजीचं वाटत होतं, हेही खरं.

काटकसर ओघाने आलीच. गुच्छ एकच, प्लास्टिकचा, आणि तो फाटकावर पहारेकऱ्याकडे परत करायचा. फोटो सगळ्यांचे निघत, मात्र कॅमेऱ्यात रीळ नसे. (चेहरा हसरा ठेवण्याला रिळाची गरज नसते, असा तांत्रिक अभिप्राय मिळाला होता.) आठवण म्हणून कंपनीचं एक पितळी कुलूप दिलं जाई. किल्ली वेगळ्या खर्चशीर्षाखाली येत असल्याने ती नंतर टपालाने पाठवायचं ठरलं होतं. त्यामुळे शहरातल्या बऱ्याच घरांत खुंटीला एकेक बंद कुलूप लटकलेलं दिसू लागलं आणि कंपनीचं नाव आपोआप घरोघरी पोचलं.

महिनाअखेरीस तिनेही घरात कात्री चालवायला घेतली. भांडीवालीला 'उद्यापासून नको' म्हणायचं होतं. एरवी तिला असलं बोलणं जमलं नसतं, पण आता जीभ सरावलेली होती. ती ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या कामाबद्दल आम्हाला नेहमीच आदर वाटत आला आहे. तुझी उणीव भासणार नाही, याची घराने..."

भांडीवालीने हातातली कढई खाली ठेवली. "ताई, भाषण राहू द्या. मागच्या महिन्याचे तेवढे द्या."

स्वागतिकेने तिला अर्धे दिले. उरलेल्यांबद्दल सासूबाईंनी आपणहून वरची कवळी दाखवली. भांडीवालीला विषय समजला.

कारखान्यात तोवर एक वेगळीच अडचण उभी राहिली. जसजशी माणसं जाऊ लागली, तसतसे सभागृहात टाळ्या वाजवणारे कमी होऊ लागले. पॅकिंगवाल्या म्हाताऱ्याच्या निरोपाला सातच टाळ्या पडल्या, त्यातल्या दोन डास मारण्यासाठी होत्या. म्हातारा गुच्छ धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "बास? एवढंच?" ते ऐकून मोठ्या साहेबांना फार वाईट वाटलं. ते मनाने हळवे आहेत. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला की निरोप दिलेल्या माणसांना दुसऱ्या दिवसापासून टाळ्या वाजवण्यासाठी रोजंदारीवर बोलवावं.

म्हणजे माणूस सोमवारी जायचा आणि मंगळवारी टाळ्यांना हजर. दर ठरवून दिले होते. पॉलिश खात्यातले लोक अव्वल, कारण घट्टे पडलेल्या हातांचा आवाज घुमतो. कारकुनांना निम्मा दर, त्यांच्या तळव्यांत दमच नसतो. हुंदक्याला जादा पैसे मंजूर नव्हते, पण स्वखुशीने काढायला मनाई नव्हती.

आणि मग एक दिवस नवऱ्याचं नाव आलं.

ती रोजच्यासारखी उभी राहिली. तो पहिल्या रांगेतून उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. घरून निघताना तिनेच इस्त्री केलेला शर्ट होता. तिने वाचायला सुरुवात केली. मोकळ्या जागी त्याचं नाव घातलं, त्याचं खातं घातलं. रात्री दार लावल्यावर पुन्हा अंथरुणातून उठून कडी ओढून बघणारा माणूस, हे तिला घालायचं होतं. पण त्याला मोकळी जागा नव्हती. उणिवेच्या वाक्याशी आल्यावर ती अडखळली.

"वाच की," तो हळूच म्हणाला. "पुढचे खोळंबलेत."

"अहो, पण..."

"अगं, सगळ्यांना वाचलंस. माझ्याच वेळी अडखळलीस तर लोक म्हणतील वशिला आहे."

तिने वाचलं. टाळ्या जोरदार पडल्या. पॉलिशवाले सगळे हजर होते.

रात्री सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "कुलूप दिलं का रे?"

"दिलं."

"किल्ली?"

"टपालाने येणारे, आई."

"मग दातपण त्याच टपालाने मागव."

दुसऱ्या दिवसापासून तो टाळ्यांना जाऊ लागला. पूर्वीच्या पगाराच्या एक तृतीयांश, पण रोख. स्वागतिकेने हिशेब मांडला. दात नाहीत, पण वीज राहील. घर तगेल. आणि तिच्या लक्षात आलं की घरात बरे दिवस आले असं आपल्याला वाटतंय.

हीच तर व्यवस्थापनाची खरी करामत. पण साहेब तेवढ्यावर थांबणारे नव्हेत. सभागृहात शंभरावर माणसं दिवसभर बसलेली आणि निरोप दिवसाला फार तर पाच. मधल्या वेळात हात रिकामे. शेजारच्या दालनात यंत्रं रिकामी. साहेबांनी विनंती केली की दोन निरोपांच्या मधे, टाळीची लय जाऊ नये म्हणून, मंडळींनी जरा यंत्रांशी हात चालवावेत. मंडळी उठली आणि आपापल्या जुन्या जागी जाऊन उभी राहिली. नवरा तपासणीच्या टेबलाशी. कुलूप लाव, उघड, पुढे सरकव. घंटा झाली की सभागृहात येऊन टाळ्या वाजव.

तिमाहीचे आकडे नमुनेदार होते. कामगारकपात शंभर टक्के, उत्पादन एकशे सहा टक्के. (वरचे सहा टक्के टाळ्यांमुळे हात मोकळे झाल्याने आले असावेत.) काढायला माणूस उरला नाही, तेव्हा रोजंदारीतूनच निरोप द्यायची सोय झाली. माणसाला पुन्हा गुच्छ, पुन्हा भाषण, आणि पुन्हा थोड्या कमी दराने रुजू. जो तो मिळेल ते घेई. बाहेर तेवढंही नव्हतं.

बाहेर काय होतं ते खिडक्यांतून दिसत होतं. सभागृहाच्या खिडक्या रस्त्याच्या बाजूला होत्या, आणि रस्ता सकाळपासून रिकाम्या माणसांनी भरलेला. घरी टीव्ही नाही, कामाला बोलावणं नाही. आत फुलं, भाषण आणि भरल्या डोळ्यांची माणसं. लोक खिडक्यांच्या गजांना नाक लावून उभे राहू लागले. मुलांना खांद्यावर घेऊन येऊ लागले. सगळ्यात पुढे भांडीवाली. तिला भाषण अर्धं पाठ होतं. उणिवेचं वाक्य आलं की ती गज सोडून असा काही टाळ्यांचा कडकडाट करी की आतले पॉलिशवाले ओशाळून जात.

मोठ्या साहेबांनी ते ऐकलं. त्यांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं, मग आतल्या खुर्च्यांकडे, मग हिशेबतपासनिसाकडे.

"ह्यांना किती देतो आपण?"

"बाहेरच्यांना? काही नाही साहेब. आपणहून वाजवतात."

"आणि ह्यांना?"

हिशेबतपासनिसाने आकडा सांगितला. साहेबांचं मन हळवं, त्यामुळे तो आकडा त्यांना लागला.

स्वागतिका मधे पडली. जन्मात पहिल्यांदाच तिच्या कपाळाला आठी आली. "साहेब, टाळ्या फुकट मिळतील. पण कुलपं कोण बनवणार?"

"बाई, दोन निरोपांच्या मधे खिडकीतले लोक मोकळेच असतात ना? आत घ्या. शिकतील. चहा देऊ."

तिने नवऱ्याचा शेवटचा निरोप वाचला, तोही न अडखळता. सरावाने सगळं जमतं. आतल्या माणसांना टाळ्यांची मनाई झाली होती, ते हात मांडीखाली घेऊन बसले होते. खिडकीतून कडकडाट झाला. भांडीवालीने जीव ओतून टाळ्या पिटल्या, आणि टाळ्या पिटता पिटताच तिला समजलं की हा कोण उभा आहे. तिचे हात हवेत थांबले. पण मागचे थांबले नाहीत, त्यांना कुणी ओळखीचं नव्हतं. नवऱ्याने पहारेकऱ्याकडे गुच्छ परत केला, वळसा घालून रस्त्यावर आला आणि खिडकीशी जागा मिळते का बघू लागला. जागा नव्हती.

गर्दीच्या मधोमध एक माणूस होता. तो ना गल्लीतला, ना कारखान्यातला. हातात हेच पुस्तक, अंगठा पानात घातलेला. तो पहिल्या वाक्यापासून तिथे होता. गुच्छाला हसला, किल्लीला हसला, अर्ध्या कवळीला तर दोनदा हसला. नवऱ्याच्या वेळी जरा गंभीर झाला, हेही साहेबांनी टिपलं. आणि या सगळ्याचा त्याने एक पैसा मागितला नाही.

साहेबांनी खूण केली. स्वागतिका खिडकीशी आली आणि नेहमीच्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "आपणच. पुस्तक मिटा आणि आत या. तपासणीच्या टेबलाशी बसायचंय. खुर्ची अजून कोमट आहे."