मंडईतले त्रेसष्ट फॉर्म

कौशल्याबाईंनी फॉर्म तिसऱ्यांदा मोजले, तरी ते त्रेसष्टच भरले. समोर बसलेल्या लिलाधर गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. चिखल्याच्या खाणीतली पहिली पाळी संपवून थेट आलेला टिकाराम तर पाणी प्यायचंही विसरून गेला होता. आंधळगावच्या 'पुन्हा शिकू मंडळा'ची अख्खी कार्यकारिणी त्या ओसरीवर मावत होती. कौशल्याबाई अध्यक्ष, गुरुजी सचिव, आणि उरलेली सगळी पदं टिकारामकडे होती.

ज्यांचं शिक्षण मधेच सुटलं, त्यांना चाळिशीत का होईना, मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला बसवायचं, हे मंडळाचं काम. पुस्तकं मिळवून द्यायची, परीक्षेच्या दिवशी बायांची लेकरं सांभाळायची, आणि कोणाची सासू किंवा कोणाचा नवरा आडवा आला तर घरी जाऊन समजूत घालायची. हे शेवटचं काम कौशल्याबाईंचं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं मोहाडी तालुक्यात कोणी नव्हतं. स्वतः नववीत असताना बोहल्यावर चढलेल्या, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागलेल्या, एकेचाळिसाव्या वर्षी बारावी झालेल्या या बाईंना समोर बघूनच निम्म्या सासवा गप्प होत. आता त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि बी.ए.चं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं.

आणि नेमकं तेवढंच राहून जायची वेळ आली होती. गावच्या हायस्कुलात दर रविवारी दोन तास वर्ग भरत. वरून पत्र आलं की नोव्हेंबर संपायच्या आत चाळीस विद्यार्थी झाले नाहीत, तर आंधळगावचं केंद्र बंद होईल आणि सगळ्यांना भंडाऱ्याला जावं लागेल. विद्यार्थी होते एकोणीस. त्यातल्या अकरा बाया, आणि रविवारचा अख्खा दिवस घर सोडून भंडाऱ्याला जाऊ देणारं घर त्यांच्यापैकी एकीचंही नव्हतं. कौशल्याबाईंची सासू अंथरुणाला खिळलेली. दोन तास शेजारीण बघे, दिवसभर कोण बघणार? पाच वर्षं दुसऱ्यांच्या सासवा समजावणाऱ्या बाईंची पदवी स्वतःच्या सासूपाशी अडणार होती.

म्हणून टिकारामने मंडईत टेबल लावायची कल्पना काढली. भाऊबीज झाली की या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दिवसा दंडारीचं लोकनाट्य रंगतं, आणि त्या गर्दीत लग्नाच्या मुलामुलींची पाहणीही उरकून घेतली जाते. किती तरी संसार भज्यांच्या दुकानासमोर ठरलेले आहेत. तिथे बांगड्यांच्या दुकानाला लागून मंडळाचं टेबल लागलं. बॅनर तुमसरला छापायला दिलं होतं, ते मंडई संपल्यावर तिसऱ्या दिवशी आलं.

फॉर्म गुरुजींनी तयार केला होता. गुरुजी अत्यंत कसोशीचा माणूस. माणूस अभ्यासाला कधी मोकळा असेल हे कळावं म्हणून त्यांनी 'शेती किती' विचारलं. घरातून विरोध होईल का हे कळावं म्हणून 'घरात कोण कोण' विचारलं. अभ्यासात खंड पडू नये म्हणून 'व्यसन आहे का' हेही विचारलं. वर जन्मतारीख, शिक्षण आणि एक फोटो. मंडईच्या गर्दीत टेबल मांडून हे सगळं विचारणारी पोक्त बाई दिसल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि रांग लावली.

हे कौशल्याबाईंना कळलं ते फोन आला तेव्हा.

"बाई, मी रेवताबाई बोलून राहिली, तलावाच्या पारीवरची. मंडईत आमच्या वीरेंद्रचा फारम भरला होता मी."

"हो माय, आठवते ना. बोला."

"मंग पोरगी कधी दाखवता?"

"कोनती पोरगी?"

"ते तुमाले माहीत. आमाले फक्त पावने किती येतीन ते सांगा, तेवढा चिवडा कराले."

फोन ठेवून कौशल्याबाईंनी गठ्ठा पुढे ओढला आणि पहिल्यांदाच फॉर्म नीट वाचले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट मुलगे. वय अठ्ठावीस ते छत्तीस. फोटो सगळे सुटातले, मागे धबधबा. 'वेळ कधी देऊ शकाल' या रकान्यात एकाने लिहिलं होतं, 'केव्हाही, फक्त पौष सोडून.' 'मंडळाकडून अपेक्षा' या रकान्यात दुसऱ्याने लिहिलं होतं, 'रंगाचं काही नाही, स्वभाव चांगला पाहिजे.'

त्यांनी ते दोन फॉर्म मोठ्याने वाचून दाखवले. मग टिकारामने घसा साफ केला.

"बाई, सह्या आहेत, फोटो आहेत. आपल्याले एकवीसच नावं पायजेत. पाठवून देऊ. परीक्षेले नाही आले तर नाही आले, कोन पाहाले बसलं आहे?"

"तसा अर्ज परिपूर्ण आहे," गुरुजी छताकडे बघत म्हणाले. खोटं बोलायची वेळ आली की गुरुजी छताकडे बघत.

कौशल्याबाईंनी गठ्ठ्याला रबर लावलं. "ज्याले शिकाचंच नाही, त्याचं नाव शिकनाऱ्याईत घालाचं? मंग आपन कायले शिकून राहिलो, टिकारामभाऊ?"

गप्प बसल्या असत्या तर त्यांचं शेवटचं वर्ष वाचलं असतं. विचारणारंही कोणी नव्हतं. पण ही बाई तशी नव्हती, आणि हे सांगताना मला त्यांचा अभिमान वाटतो. त्यांनी ठरवलं की प्रत्येक घरी स्वतः जायचं, झाला प्रकार सांगायचा आणि फॉर्म, फोटो हातात परत द्यायचा.

इथेच दुसरी चूक झाली. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत नकार कोणी तोंडाने देत नाही. फोटो परत येतो, म्हणजे समजायचं. दोन लेकींची लग्नं लावलेल्या कौशल्याबाईंना हे पक्कं ठाऊक होतं, पण खरं बोलायच्या भरात त्यांना ते आठवलं नाही.

रेवताबाईंच्या घरी अंगण सारवून ठेवलेलं होतं. चार शेजारणी येऊन बसल्या होत्या. नुकताच तलावातून जाळं काढून आलेला वीरेंद्र ओल्या केसांनी, इस्त्रीच्या शर्टात, भिंतीला टेकून उभा होता. चिवड्याची बशी पुढे आली. कौशल्याबाईंनी पिशवीतून पाकीट काढून बशीशेजारी ठेवलं, आणि सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

"फोटो वापस?" रेवताबाईंनी विचारलं.

"माय, ते लग्नाचं नव्हतंच. आमचं शिक्षनाचं मंडळ होय."

"असंच म्हनतेत सारे. मांगच्या साली एक म्हने, पोरीले पुढं शिकाचं आहे. त्याच्या आंधी एक म्हने, पत्रिका नाही जुळत. आता तुमी नवीन काढलं, का मंडळच शिक्षनाचं होय."

"तुमची शपथ, खरं सांगतो."

"शपथ नका घेऊ. पोरात कमी काय आहे, तेवढं सांगा. दारू पेत नाही, तीन एकर धान आहे, सोसायटीत मासोळीचा हिस्सा आहे. माय म्हनून विचारतो मी. कोनी सांगतच नाही आमाले."

हे रेवताबाई ज्या आवाजात म्हणाल्या, त्याने कौशल्याबाईंना एकदम भरून आलं. काहीतरी उत्तर देणं भाग होतं, आणि खोटं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी फॉर्मवर नजर टाकली. 'शिक्षण : बारावी. पुढे काही नाही.'

"कमी म्हनाल तर एवढंच आहे, माय. शिक्षन."

शेजारणींनी माना डोलावल्या. आजकालच्या मुली काय मागतात हे त्यांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात आतापर्यंत भिंतीला चिकटून असलेला वीरेंद्र पुढे आला.

"बाई, आता घेतेत का मले कॉलेजात? एकतीस लागलं."

"मले सेहेचाळीस झाले. मले घेतलं ना."

वीरेंद्रने कोरा फॉर्म मागितला आणि खाली बसून स्वतःच्या हाताने भरला. अक्षर सुरेख होतं. रेवताबाई वाकून बघत म्हणाल्या, "बायोडाटात लिहाले चालन ना, बी.ए. सुरू आहे म्हनून?"

"दर रविवारी वर्गात बसला तर चालन," कौशल्याबाई म्हणाल्या.

बाई घरात पोचायच्या आधी बातमी पोचू लागली. मंडईतल्या बाई फोटो परत करतात, पण का ते तोंडावर सांगतात, याचं लोकांना भारी अप्रूप वाटलं. नकाराचं कारण कळणं ही या पोरांच्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट होती. आंधळगावपासून तुमसरच्या वाटेवरची सगळी गावं तिघांनी पालथी घातली. एका घरी मुलाच्या बापाने त्यांना काठी घेऊन सडकेपर्यंत पोचवलं. एका घरी आजोबांनी हट्ट धरला की शिक्षण कमी असेल तर हुंडा नको, पण फोटो ठेवून घ्या. घरोघरचा चिवडा खाऊन गुरुजींचं पोट इतकं बिघडलं की शेवटी ते बाहेरच सायकल धरून उभे राहू लागले. टिकाराम रात्रपाळी करून सकाळी झोपायचं सोडून बाईंना मोटारसायकलवर फिरवत होता. तीन आठवडे हे चाललं. यातलं कोणतंही काम कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्रेसष्टांपैकी वीस जण खरोखर शिकायला तयार झाले. एकोणीस आणि वीस मिळून एकोणचाळीस होतात, हे टिकारामने बोटांवर, पाटीवर आणि मोबाइलवर करून पाहिलं. मुदतीचा शेवटचा दिवस रविवारी आला, आणि एक नाव कमी ते कमीच राहिलं.

"वर्ग तर घेऊ," कौशल्याबाई त्या सकाळी म्हणाल्या. "शेवटचा असला तरी पुरा घेऊ." बोलत बोलतच त्यांनी खडू उचलला. शिकवायला येणारे सर आजारी होते, म्हणून समाजशास्त्राचा धडा त्यांनाच घ्यायचा होता. धडा होता विवाहसंस्था. समोर वीस अविवाहित मुलगे वह्या उघडून बसले होते आणि एकही हसला नाही.

त्याच दिवशी रेवताबाईंकडे खरोखरचे पाहुणे आले. तुमसरहून कवडूमामा आपल्या भाचीला घेऊन आले होते. भाची रीता सत्तावीस वर्षांची, राइस मिलच्या ऑफिसात कामाला, आणि तिने आतापर्यंत सात मुलं नाकारलेली. मुलगा कॉलेजात शिकतो हे ऐकून मामांना शंका आली. "कॉलेजात आहे म्हनता, तर कॉलेजातच दाखवा," ते म्हणाले. "बायोडाटे लई पाह्यले आमी."

रेवताबाईंनी दोघांना हायस्कुलात आणून मागच्या बाकावर बसवलं. वीरेंद्र पुढच्या रांगेत, पाठमोरा. वर्गात शिरलेल्या पाहुण्यांना बघून कौशल्याबाई क्षणभर थांबल्या, पण धडा तोडायचा नाही असं ठरवून पुढे बोलत राहिल्या. लग्न दोन माणसांचं का दोन घरांचं, मुलीचं मत कोणत्या समाजात विचारतात, पुस्तकात काय लिहिलंय आणि आपल्या गावात काय होतं, हे त्या असं सांगत होत्या की दारातला शिपाईही आत येऊन बसला. पाऊण तास कोणी हललं नाही.

तास संपल्यावर कवडूमामा व्हरांड्यात आले. रेवताबाई कानात प्राण आणून बाजूला उभ्या होत्या.

"कसा वाटला पोरगा?" मामांनी विचारलं.

"पोरगा?" रीता जरा गोंधळली. "मामा, पोरगा मी पाह्यलाच नाही."

"मंग पाऊन तास काय पाहून राहिली होती?"

"फळा."

मामांनी कपाळावर हात मारला. रीता मात्र तोवर कौशल्याबाईंसमोर जाऊन उभी राहिली होती. "बाई, मले बारावीले शहात्तर टक्के होते. त्याच साली बाबा गेले अन् मी मिलमध्ये लागली. घरी सांगितलं तर म्हनतेत, आता लग्न झाल्यावर शीक. हितं नाव लिहाले उशीर झाला का?"

कौशल्याबाई गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, पाच वाजेपर्यंतची मुदत आहे असं सांगितलं, आणि या वेळी ते छताकडे बघत नव्हते. टिकारामने फॉर्म आणला. रीताने व्हरांड्याच्या कठड्यावर तो भरला, आणि कौशल्याबाईंनी यादीत चाळिसावं नाव लिहिलं.  केंद्र वाचलं होतं. त्या अकरा बाया शिकणार होत्या, आणि कौशल्याबाईंचं स्वतःचं शेवटचं वर्ष इथेच, या खोलीत होणार होतं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर पुसले.

"पन बाई," रेवताबाई हळूच जवळ येऊन म्हणाल्या, "म्हंजे आमाले नकारच का जी?"

कौशल्याबाई मामांकडे बघू लागल्या, मामा भाचीकडे बघू लागले, आणि भाचीला अजूनही यातला मुलगा कोणता तेच ठाऊक नव्हतं. एवढ्यात वर्गातून वीरेंद्र बाहेर आला. फळ्यावरचं सगळं उतरवून घेण्यात तो मागे राहिला होता, आणि वहीचं शेवटचं पान फुंकर मारून वाळवत होता.

"माय," त्याने विचारलं, "पावने आले नाही का अजून?"