बाहेर न आलेलं गाणं

"या दारातून एक वेळ माशी बाहेर जाईल, गाणं जाणार न्हाय!" शरणम्मानं पदर खोचून जाहीर केलं.

नात भुवनेश्वरी मुंबईत गाजलेली गायिका. तिनं नवं गाणं सोलापुरात, घरामागच्या बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये रेकॉर्ड करायला घेतलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चारी भिंतींना चादरी टांगल्या. कंपनीनं काढायच्या आधी गाणं कुणाच्या कानी पडलं, तर करार रद्द! म्हणून दाराशी राखणीला साक्षात शरणम्मा, आणि पुढ्यात शेंगाचटणीचं उखळ.

सुरुवातीला गाणं विरहाचं होतं.

"कोण मेलंय गं आत?"

"आज्जी, हळवं गाणं आहे ते!"

"भाकरी करपली तरी एक ओळ संपंना, कसलं हळवं!" शरणम्मानं रागानं मुसळ हाणलं. धब! धब-धब!

आत रेकॉर्डिंगच्या यंत्रावर बसलेला, गुरु नावाचा पोरगा उडालाच. "आज्जी, थांबू नका! हाच ठेका!"

झालं! दुपारपर्यंत विरह गेला, संध्याकाळी प्रियकरही गेला, दुसऱ्या दिवशी गाण्यात लसूण आला! तिखटाच्या खकाण्यानं भुवनेश्वरी शिंकली, तर गुरुनं ती शिंकही ठेवली!

शरणम्मानं दार वाघिणीसारखं राखलं. पण संध्याकाळी ती शेजारच्या फुलाबाईकडं चटणी कुटायला जायची. चार बायका, चार मुसळं. कुटताना तोंड बंद कसं ठेवायचं? ती नकळत तेच गाणं गुणगुणली. बायकांनी सूर उचलला आणि रिवाजाप्रमाणं जिनं मुसळ घेतलं तिनं आपली एक ओळ जोडली.

आठवड्यानं कंपनीचे साहेब आले. येताना वाटेत हळदीच्या मांडवात त्यांनी बायकांना गाताना ऐकलं होतं. गुरुनं गाणं लावताच ते ताडकन उठले.

"हे तर तुमच्याकडचं जुनं लोकगीत! नवं म्हणून आमच्या गळ्यात मारता? करार रद्द!"

भुवनेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. शरणम्माच्या अंगाचा तिळपापड झाला.

"जुनं? नवं कोरं हाय! बोलवा त्या फुलाबाईला!"

फुलाबाई धावत आली.

"सांग गं, म्हैन्यामागं ऐकलं होतंस का हे गाणं?"

"न्हाय बा! तुमीच तर शिकवलं की, आक्का!"

"मी? जीभ झडंल तुजी!"

"आता काय वो! शेवटचं कडवं तुमच्यावरच हाय की!" आणि फुलाबाईनं तिथंच तान घेतली:

*चादरी टांगल्या भिंतीभिंतीला,*
*शरणम्मा गाणं वाटती गल्लीला!*

साहेब पोट धरून हसले. "पटलं! गाणं नवंही आहे आणि फुटलंही आहे! कंपनीला मी समजावतो. पण एका अटीवर: हे कडवं गाण्यात हवंच!"

शरणम्मानं फुलाबाईकडं असं पाहिलं, की उखळात घालून कुटलीच असती! मग नातीचं तोंड पाहिलं आणि राग गिळला.

"ठेवा की! पन माझं नाव मीच म्हणणार. फुलीच्या तोंडी ते शोभत न्हाय!"

आणि ती ठसक्यात माइकसमोर उभी राहिली. गुरुनं बोट वर केलं.

साऱ्या गल्लीला गाणं वाटणाऱ्या शरणम्माच्या तोंडून शब्द फुटेना!