ग्लॅडिसचे दोन पेशंट

"कोंबडीचं काय एवढं? नाताळच्या आत त्या पेशंटबाईंच्या मांडीवर कोंबडी बसलेली दाखवतो," असं मॉर्टन ग्लाझर सोमवारच्या मीटिंगमध्ये बोलून गेला. वर टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे त्याने असं पाहिलं, की जणू ती बसलीच आहे.

मॉर्टन मूळचा ब्रुकलिनचा. मानसशास्त्रात पीएचडी झाल्यावर पुढच्या वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी तो आयोवातल्या एका गावी, इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात येऊन पडला होता. हे वर्ष मोठं विचित्र असतं. पेशंट डॉक्टर म्हणून हाक मारतात, दारावर नावाची पाटी असते, पण कोणाशी काय बोललो आणि का बोललो याचा जाब दर आठवड्याला वरिष्ठांना द्यावा लागतो. नव्या सुनेसारखी गत. घर आपलंच, पण साखरेच्या डब्याला हात लावायचा तर विचारून.

वरिष्ठ म्हणजे डॉ. एडिथ लुंडग्रेन. साठीला आलेल्या, ताडासारख्या उंच, आणि बोलायला पैसे पडत असल्यासारख्या कमी बोलणाऱ्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तू कधी कोंबडी हातात धरली आहेस, मॉर्टन?"

"म्हणजे काय, अर्थात."

धादांत खोटं. मॉर्टनने जन्मात कोंबडी एकाच अवस्थेत पाहिली होती: आईच्या सूपमध्ये, गाजराच्या शेजारी.

"बरं झालं," लुंडग्रेनबाई म्हणाल्या. "कारण आधी आपण धरून दाखवायची, मग पेशंटने. माहीत आहे ना?"

माहीत होतं. फुशारकी मारताना तेवढं आठवलं नव्हतं.

पेशंट होती डार्लीन हूकस्ट्रा. तिशीची, धडधाकट, शाळेत गणित शिकवणारी. वादळाला भीत नव्हती, सापाला भीत नव्हती, मुख्याध्यापकांना तर मुळीच नाही. पण पंख फडफडले की तिच्या पाचावर धारण बसायची. आणि नवरा मर्ल हा नेमका कुक्कुटपालन करणाऱ्या घरातला. सासरे थकले होते. वसंत ऋतूत मर्लने शेतावर राहायला यायचं, नाहीतर ते सगळं विकून मोकळे होणार होते.

"मर्ल म्हणतो, नको जाऊ या. इथेच ट्रॅक्टरच्या दुकानात नोकरी धरतो," डार्लीन पहिल्याच भेटीत म्हणाली. "तो मला कधी बोलून दाखवणार नाही, डॉक्टर. पण रोज जेवताना त्याचं तोंड मला दिसेल ना."

त्या वाक्यानंतर मॉर्टनला ही बाई बरी व्हायलाच हवी असं मनापासून वाटू लागलं. त्याने पायऱ्या आखल्या. आधी कोंबडीचं चित्र, मग फोटो, मग एकच पीस, मग पिसांची उशी. दर पायरीला भीती शंभरात किती, ते डार्लीनने सांगायचं. गणिताच्या बाई, त्यामुळे आकडे अगदी चोख. "चौसष्ट. नाही, थांबा, एकसष्ट." उशीपर्यंत सगळं झकास चाललं. मॉर्टनची छाती रोज इंचभर फुगत होती.

मग उशीनंतरची पायरी आली.

"कोंबडी मी आणतो," मर्ल म्हणाला. दरवाज्यात मावणार नाही एवढा माणूस, आवाज मात्र मांजरीसारखा. "ग्लॅडिसला आणतो. फार समजूतदार आहे."

गुरुवारी दुपारी त्याने एक मोठं खोकं मॉर्टनच्या खोलीत आणून ठेवलं आणि डार्लीनला शाळेतून आणायला गेला. खोक्यातून खरवडल्याचा आवाज येत होता. मॉर्टनने विचार केला, पेशंटसमोर पहिल्यांदा धरण्यापेक्षा आधी जरा सराव केलेला बरा. त्याने दार आतून लोटलं, कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि खोक्याची एक झडप चार बोटं वर केली.

आतून एक तांबडं डोकं वर आलं. ग्लॅडिसने मान वाकडी करून त्याला एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि दोन्ही डोळ्यांचं त्याच्याबद्दल एकमत झाल्यासारखी ती एकदम उडाली.

त्यानंतर काय झालं ते मॉर्टनला नीट सांगता येत नसे. तो टेबलावर उभा होता एवढं खरं. टेबलावर कसा आला ते ठाऊक नाही. नुसत्या लोटलेल्या दाराला ग्लॅडिसची धडक बसली, ते उघडलं आणि बाई व्हरांड्यातून थेट प्रतीक्षागृहाकडे निघाल्या, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारख्या, एकेक दार बघत.

"डॉक्टर, तुमची कोंबडी चालली," कोणीतरी ओरडून सांगितलं.

मॉर्टन मोज्यांनिशी धावला. एक बूट टेबलावर चढताना गेला होता, दुसरा उतरताना. प्रतीक्षागृहात लोक खुर्च्यांवर पाय घेऊन बसले होते. एक म्हातारा गृहस्थ, जो गेले दोन महिने कोणाशी एक शब्द बोलला नव्हता, तो मोठ्याने म्हणाला, "ऱ्होड आयलंड रेड आहे. चांगली जात." आणि पुन्हा गप्प झाला. त्याच्यावर उपचार करणारी डॉक्टर शेजारीच उभी होती. तिला रडावं की टिपून घ्यावं ते कळेना.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि डार्लीन आत आली. मर्ल गाडी लावत होता. ग्लॅडिस तिच्या बुटांपासून हातभर अंतरावर थांबली.

डार्लीनचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. पण ती पळाली नाही. शिकवल्याप्रमाणे तिने श्वास घेतला, सोडला आणि मॉर्टनकडे पाहिलं. आता डॉक्टरने पुढे यायचं आणि कोंबडी उचलायची, हे तिला पाठ होतं.

डॉक्टर भिंतीला पाठ लावून उभा होता.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही घाबरलाय?"

मॉर्टनला शिकवलेली सतरा उत्तरं आठवली. तुम्हाला असं का वाटतं, वगैरे. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"हो," तो म्हणाला.

"किती?"

"ब्याण्णव."

डार्लीनने क्षणभर विचार केला. "माझी ऐंशीच आहे," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. एकदा फुटलं ते थांबेना. खोलीभर पसरलं. मॉर्टनला हसावं की राजीनामा द्यावा कळेना. शेवटी तोही हसू लागला.

लुंडग्रेनबाई आल्या त्या या गोंधळात. काही न विचारता त्या वाकल्या, ग्लॅडिसला काखेत मारलं आणि म्हणाल्या, "दोघेही माझ्या खोलीत या. मॉर्टन, बूट घालून ये."

मॉर्टनला वाटलं, संपलं. आता ब्रुकलिनला जाऊन काकाच्या चटयांच्या दुकानात बसायचं.

खोलीत लुंडग्रेनबाईंनी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. समोर स्वतः बसल्या, मांडीवर ग्लॅडिस. "बसा. मिसेस हूकस्ट्रा, तुमची हरकत नसेल तर आजपासून आपले दोन पेशंट."

"माझी कसली हरकत?" डार्लीन म्हणाली. "सोबत झाली."

"मॉर्टन, आकडा?"

"पंच्याऐंशी," तो पुटपुटला.

"खरा सांग."

"शहाण्णव."

हिवाळाभर दर गुरुवारी तो वर्ग भरला. बाहेर गुडघाभर बर्फ, आत खोली तापवणाऱ्या वाफेच्या नळांची खडखड, आणि दोन शहाणीसुरती माणसं एका कोंबडीकडे टक लावून बसलेली. डार्लीन प्रत्येक पायरीला त्याच्या पुढे. "बोट लावा हो, डॉक्टर, पाठीला. माझ्या वर्गातली पोरं तुमच्यापेक्षा धीट आहेत." पुढे मोठा प्राध्यापक झाल्यावर मॉर्टन सांगायचा, की एखाद्याला "थोडा धीर धरा" म्हणणं किती स्वस्त असतं ते त्याला त्या खुर्चीवर कळलं. डार्लीनच्या मांडीवर कोंबडी नाताळात नाही, फेब्रुवारीत बसली. मॉर्टनच्या मांडीवर मार्चअखेर, तीही डार्लीनने हात धरला होता म्हणून.

वसंतात हूकस्ट्रा जोडपं शेतावर राहायला गेलं.

ऑगस्टमध्ये मॉर्टन सामान बांधत होता, तेव्हा डार्लीन भेटायला आली. उन्हाने रापली होती, खूश दिसत होती.

"कोंबड्या कशा आहेत?" मॉर्टनने अभिमानाने विचारलं.

"विकल्या."

"विकल्या?"

"अंड्याला भावच नाही. मर्लने डुकरं घेतली. डुकरांची मला लहानपणापासून सवय आहे, त्यांचं काही वाटत नाही."

मॉर्टन मटकन खोक्यावर बसला. अख्खं वर्ष डोळ्यांसमोरून गेलं.

"ग्लॅडिसला मात्र नाही विकलं," ती म्हणाली. "पण डुकरांच्या गोंगाटात ती अंडी देईना. मर्ल म्हणाला, तिला डॉक्टरांची सवय आहे." आणि तिने दाराबाहेरून ते खोकं आत आणलं.

नाही कसं म्हणणार? ग्लॅडिस मागच्या सीटवर बसून अर्धा देश ओलांडून ब्रुकलिनला आली. आईने डॉक्टर झालेला मुलगा दाखवायला शेजारच्या मिसेस पर्लमनना बोलावून ठेवलं होतं. मॉर्टन खोकं घेऊन जिना चढून आला आणि कोंबडीने डोकं बाहेर काढलं.

"अरे वा," आईचे डोळे चमकले. "चांगली भरलेली आहे. आत्ताच खाटकाकडे धाडते. शुक्रवारच्या सूपला होईल."

मॉर्टनने खोक्यात दोन्ही हात घातले, ग्लॅडिसला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. कोणी हात धरला नव्हता, कोणी आकडा विचारला नव्हता.

"हिला हात लावायचा नाही, आई," तो म्हणाला. "आम्ही एकत्र उपचार घेतलेत."

मग मिसेस पर्लमन आईच्या कानाशी लागल्या. "अगं, मुलगा बरा आहे ना तुझा?"

"गेला तेव्हा होता," आई म्हणाली.